बॉल यायच्या आधी

एकोणीस वर्षांची होईपर्यंत मी विंगर होते. उजवी बाजू, सात नंबरची जर्सी. बॉल मिळाला की लाइन धरून पळायचं, समोरच्या फुलबॅकला, म्हणजे कडेच्या डिफेंडरला, मागे टाकायचं आणि गोलसमोर क्रॉस मारायचा. विंगरला एक मोठा आधार असतो, आणि तो आधार होता हे जागा सोडल्यावरच कळतं. तिच्या एका अंगाला साइडलाइन असते. त्या बाजूने कुणी अंगावर येत नाही. अर्धं मैदान बघितलं तरी भागतं.

२०२१ मध्ये लॉकडाउननंतर सराव पुन्हा सुरू झाला, तेव्हा आमच्या कोच मॅडमनी मला बाजूला बोलावलं. त्याआधी दोन निवड चाचण्या देऊन झाल्या होत्या आणि दोन्ही वेळा शेवटच्या यादीत माझं नाव नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "तुझा वेग मेहनतीनं थोडा वाढेल, पण वरच्या लेव्हलला विंगवर लागतो तेवढा होणार नाही. पास कुठे द्यायचा ते मात्र तुला बाकीच्यांच्या आधी दिसतं. उद्यापासून सहा नंबरला खेळ."

सहा नंबर म्हणजे बचावफळीच्या अगदी पुढे उभी राहणारी मिडफिल्डर. मागून बॉल घ्यायचा आणि पुढे पोचवायचा. समोरच्यांचा हल्ला आपल्या डिफेंडरपर्यंत यायच्या आत मोडायचा. ती गोल करत नाही, गोलचा शेवटचा पासही बहुतेक वेळा तिचा नसतो. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत ती कुठेतरी मागे असते. पण तिच्या पायातून बॉल गेला तर समोर थेट आपला गोल असतो. त्या संध्याकाळी कोपरखैरणे स्टेशनच्या पुलावर उभी राहून मी खूप रडले. मला वाटलं, मॅडमनी मला खालच्या पायरीवर बसवलं.

आमचं घर कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत. अण्णा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. गाव साताऱ्याकडचं, जावळीत. आजूबाजूची बहुतेक घरं तिकडचीच, आणि पोरींनी फुटबॉल खेळायचा ही गोष्ट वसाहतीत माझ्यापासूनच सुरू झाली. सराव पालिकेच्या मैदानात. लाल माती. उन्हाळ्यात दगडासारखी आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल, क्रिकेटच्या चार पिच आणि त्यांच्या मधून आम्ही.

सहा नंबरला माझा पहिला सामना एका स्थानिक क्लबशी होता. विसाव्या मिनिटाच्या आसपास आमच्या सेंटर बॅकने मला पास दिला. माझं तोंड आपल्याच गोलकडे. बॉल गवतावरून येतोय, मी त्याच्याकडे टक लावून बघतेय, शाळेत शिकवलं तशी, "नजर बॉलवर". तो पायाला लागला आणि त्याच क्षणी कानामागे कुणाचा तरी श्वास ऐकू आला. "मॅन ऑन!", म्हणजे मागून कुणी अंगावर येतंय, ही हाक त्यानंतर आली. त्यांची दहा नंबर बॉल घेऊन गेलीही होती. गोल. दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा तेच, फक्त त्या वेळी बॉल बारला लागला. मॅडमनी मला बाहेर काढलं नाही. पूर्ण नव्वद मिनिटं आत ठेवलं. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज मी त्या नव्वद मिनिटांबद्दल त्यांची ऋणी आहे.

घरी आल्यावर जेवले नाही. अण्णांनी कारण विचारलं. मी रडवेल्या आवाजात सांगितलं की बॉलकडे बघावं तर मागून कोण येतंय ते दिसत नाही, आणि मागे बघावं तर बॉल सुटतो. फुटबॉल त्यांनी कधी बघितला नव्हता. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "गोणी पाठीवर आल्यावर मान वळती का? तवा बघून काय उपयोग? आधी बघून घ्यायचं, मग पाठ द्यायची."

तो आठवडा संपायच्या आत एका पहाटे मी त्यांच्याबरोबर मार्केटला गेले. इतकी वर्षं त्यांच्या कमाईवर जगत होते, पण त्यांना काम करताना कधी नीट बघितलं नव्हतं. नाशिककडून आलेला ट्रक लागला होता. फाळका उघडला, टोळीतले दोघे वर चढले, गोण्या कडेला ओढायला लागले. अण्णा खाली उभे. खांद्यावर पोत्याचा तुकडा. वरची माणसं गोणी ओढत होती तेवढ्यात अण्णांनी तीनदा मान फिरवली. एकदा गाळ्याच्या दाराकडे, एकदा मधल्या वाटेवर एक हातगाडी आडवी होती तिच्याकडे, आणि एकदा खाली, जिथे कांद्याची टरफलं ओली होऊन निसरडं झालं होतं. मग त्यांनी पाठ दिली. पन्नास किलोची गोणी पाठीवर बसली आणि ते चालायला लागले ते थेट थप्पीपर्यंत. मान खाली, नजर दोन पावलांवर. हातगाडीला वळसा घातला, ओल्या जागेवरून पाऊल लांब टाकलं. त्यातलं काहीही त्यांना त्या क्षणी दिसत नव्हतं, सगळं आधी बघून ठेवलेलं होतं. परत येताना मात्र मोकळ्या पाठीने, मान वर, पुन्हा सगळीकडे नजर. मी अर्धा तास तिथे उभी होते. दर खेपेला तेच.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हेच. ह्यालाच स्कॅनिंग म्हणतात." नॉर्वेचे एक क्रीडा मानसशास्त्रज्ञ आहेत, गाइर यॉर्डेट. बॉल मिळण्याआधीच्या काही सेकंदांत खेळाडू किती वेळा मान वळवून आजूबाजूला बघतो, हे त्यांनी खेळाडूंचे जवळून घेतलेले व्हिडिओ तपासून मोजलं. जास्त वेळा बघणाऱ्यांचे पास जास्त अचूक जातात, असं त्यांना आढळलं. इंग्लंडचा फ्रँक लॅम्पार्ड त्या मोजणीत अगदी वरच्या नंबरांत होता. मॅडमनी मोबाइलवर त्याचा एक छोटा व्हिडिओ दाखवला. बॉल कुठेतरी लांब आहे आणि हा माणूस रस्ता ओलांडताना बघावं तसा डावीकडे, उजवीकडे, मागे बघतोय, थांबतच नाही.

मग खरं शिक्षण सुरू झालं. सांगायला सोपं, अंगात मुरायला वर्ष गेलं. समोर दहा मीटरवर एक मुलगी बॉल घेऊन. माझ्या मागे मॅडम, हातात तीन बिब, म्हणजे सरावात जर्सीवर चढवायची बिनबाह्यांची बनियनं: लाल, पिवळं, निळं. समोरून पास निघाला की मी मान वळवून मागचं बिब बघायचं, रंग ओरडून सांगायचा आणि मग बॉल घ्यायचा. पहिल्या आठवड्यात मी मान वळवत होते, पण बघत नव्हते. मान फिरायची, तोंडातून "लाल" निघायचं आणि हातात निळं असायचं. डोळ्यांनी काही टिपायच्या आत मला बॉलची भीती वाटून मान परत यायची. दुसरी चूक म्हणजे फार उशिरा बघणं. बॉल पायाशी आला की घाईघाईने मागे नजर टाकायची आणि तेवढ्यात बॉल नडगीवर आपटायचा.

यातली खोच मॅडमनी एका वाक्यात सांगितली, ती मी आजही लहान मुलींना तशीच सांगते. बॉल कुणाच्या पायात असतो तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवायचं, कारण तो कुठेही जाऊ शकतो. बॉल वाटेत असतो तेव्हा मान वळवायची, कारण वाटेतल्या बॉलला कुणी हात लावत नाही. तो जिथे निघालाय तिथेच जाणार. म्हणजे बघायला वेळ नाही असं जे मला वाटत होतं ते खोटं होतं. प्रत्येक पासच्या मध्ये एक सेकंद पडलेला असतो, आणि तो मी बॉलकडे टक लावून फुकट घालवत होते.

तीन आठवडे मान अशी दुखली की रात्री आई बाम चोळून द्यायची. मग बिबं गेली आणि माझ्यामागे खरी डिफेंडर आली. ती कधी अंगावर येणार, कधी जागेवर राहणार, ते मला आधी कळणार नाही. आली तर बॉल एका टचमध्ये आल्या वाटेने परत, नाही आली तर वळून पुढे. उभं राहणंही बदललं. दोन्ही पाय बॉलकडे तोंड करून उभी राहिलीस तर मागचं जग तुझ्यासाठी बंद, असं मॅडम म्हणायच्या. म्हणून अर्धं वळून उभं राहायचं, एक खांदा आपल्या गोलकडे, दुसरा त्यांच्या गोलकडे, आणि बॉल जवळच्या पायावर न घेता लांबच्या पायावर येऊ द्यायचा. बॉल शरीरासमोरून सरकत लांबच्या पायाशी पोचतो तोवर तुझं तोंड पुढे झालेलं असतं. हा एवढासा बदल. विंगर असताना मी एक माणूस चुकवायला दहा मीटर धावायचे. आता दोन फुटांत चुकवायला लागले, पळाल्याशिवाय.

ठाण्याला कॉलेजला जाताना लोकलमध्येसुद्धा मी हेच करायचे. लेडीज डब्यात चढताना एकदा नजर फिरवायची आणि मग खाली बघून आठवायचं: दाराशी किती जणी, कुणाच्या हातात पिशवी, कुठली बाई रबाळ्याला उतरायच्या तयारीत आहे. घणसोली येईपर्यंत उत्तर तपासायचं. कुणाला वेडेपणा वाटेल, पण डोळ्यांना एका झटक्यात टिपायची सवय तिथे लागली.

याच काळात आमच्या नवी मुंबईत मोठा फुटबॉल आला. २० जानेवारी २०२२ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला आशिया चषकात भारत विरुद्ध इराण. कोविडमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. घरापासून काही स्टेशनांवर भारत खेळतोय आणि मी चटईवर बसून मोबाइलवर बघतेय. ०-० सुटला. आपल्या मुलींनी किती वेळा गोलपर्यंत धडक मारली, पण इराणची गोलकीपर झोहरे कुदाई हलली नाही. पुढचा सामना २३ तारखेला चायनीज तैपेईशी होता. तो झालाच नाही. संघात इतक्या जणी पॉझिटिव्ह निघाल्या की नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत आणि यजमान भारत स्पर्धेतून बाहेर. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्या मुलींना ओळखत नव्हते, तरीही. घरच्या मैदानावर आशिया चषक खेळायला मिळणं हे एका खेळाडूच्या आयुष्यात किती वेळा येतं?

त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला मुलींच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचा अंतिम सामना तिथेच झाला, स्पेन विरुद्ध कोलंबिया. या वेळी मी तिकीट काढून आत होते. मी ठरवून एक गोष्ट केली. दुसऱ्या हाफमध्ये स्पेनची एक मिडफिल्डर निवडली आणि बॉल कुठेही असो, फक्त तिच्याकडे बघायचं. तिची मान मी मोजायला लागले आणि पन्नासनंतर सोडून दिलं. बॉल पलीकडच्या टोकाला असला तरी ती बघतच होती. बॉल तिच्याकडे आला की मात्र काही घाई नाही, जणू घरात दिव्याचं बटण कुठे आहे ते अंधारातही हाताला माहीत असावं. ८२व्या मिनिटाला कोलंबियाच्या डिफेंडरकडून स्वतःच्याच जाळ्यात बॉल गेला आणि स्पेन १-० ने जिंकलं. तो गोल मला घरी येऊन मोबाइलवर बघावा लागला, कारण तेव्हाही मी तिच्याकडेच बघत होते.

माझी उंची पाच फूट एक. सहा नंबर म्हणजे धिप्पाड, हेडरला उडणारी, अशी माझी समजूत होती आणि ती मोडली युई हासेगावाने. जपानची ही मिडफिल्डर २०२२ मध्ये मँचेस्टर सिटीत आली. तोवर ती पुढे खेळायची. त्याच वेळी सिटीची सहा नंबर कीरा वॉल्श बार्सिलोनाला गेली आणि त्या रिकाम्या जागेवर हासेगावाला खेळवलं. माझ्यापेक्षा इंचभरच उंच. ती अंगाला अंग भिडायची वेळच येऊ देत नाही, कारण दुसरी पोचायच्या आत बॉल निघून गेलेला असतो. तिचे सामने मी वहीत लिहून बघितले आहेत.

२०२४ च्या सुरुवातीला राज्याबाहेरच्या एका क्लबने बोलावलं, दुसऱ्या श्रेणीतल्या. चाचणीला चाळीसेक मुली होत्या. वीस मिनिटांचा सामना, त्यात मी बॉलला फार वेळा पायही लावला नाही म्हणावं इतकं साधं खेळले: घे, दे, जागा बदल. संध्याकाळी नाव लागलं. नोंदणी, आधीच्या क्लबचं सोडपत्र, ईसीजी, रक्ततपासणी, यात दहा दिवस गेले. करार चार महिन्यांचा, महिना पंधरा हजार, राहणं-जेवण क्लबचं. २०२३ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने वरच्या श्रेणीच्या क्लबना किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान ३.२ लाखांचा करार द्यायला सांगितलं, ते पाऊल चांगलंच आहे. पण आमची श्रेणी त्यात नव्हती. पहिल्या दोन महिन्यांचे पैसे मला सीझन संपल्यावर मिळाले. आमच्यातल्या एका मुलीच्या घरी तिच्याच पैशांवर चूल पेटत होती. ती रात्री गच्चीवर जाऊन फोनवर आईला "उद्या येतील" म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच नव्वद मिनिटं पळायची. व्यावसायिक खेळाडू हा शब्द वापरायचा तर पगार तारखेला व्हायला हवा. यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

खेळ मात्र तिथे खूप शिकले. मणिपूर, ओडिशा, हरियाणाच्या मुली, भाषा वेगवेगळ्या. मैदानात तीन-चार शब्दांवर चालतं: "टाइम", "टर्न", "मॅन ऑन", "सोड". सहा नंबरला सगळ्यांच्या मागचं दिसतं, म्हणून तिला सतत बोलावं लागतं. मी घरात कमी बोलणारी. पहिल्या सामन्यानंतर घसा बसला. कॅप्टन म्हणाली, तू बघतेस ते तुझ्या एकटीचं नाही, आम्हाला सांग. तोवर मला वाटत होतं की बघणं ही माझी स्वतःची करामत आहे. माझी आठ नंबर, म्हणजे माझ्या पुढे खेळणारी मिडफिल्डर, बॉल घ्यायला वळते तेव्हा तिचे डोळे मीच असते.

मोठ्या स्पर्धांत मिडफिल्डर एका सामन्यात दहा किलोमीटरच्या वर धावतात. आमचे सामने एप्रिलच्या उन्हात, दुपारी. सत्तराव्या मिनिटानंतर पाय जड होतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याआधी मान थांबते हे मला तिथे कळलं. दमलेली मिडफिल्डर पुन्हा बॉलकडेच बघायला लागते. आम्ही खाल्लेले दोन गोल त्याच वेळचे होते, एक माझ्या बाजूने. त्यानंतर मी पाण्याच्या ब्रेकमध्ये बॅकलाइनच्या मुलीला सांगून ठेवलं, मी सलग तीन पासांत मागे बघितलं नाही तर माझं नाव घेऊन ओरड. ती ओरडायची.

गेल्या वर्षी, ५ जुलै २०२५ ला, चियांग मायमध्ये भारताने थायलंडला २-१ हरवलं आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशिया चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मिडफिल्डर. आमच्या मैदानातल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरी दुसऱ्या दिवशी विचारत होत्या, "ताई, मिडफिल्डला कसं खेळायचं?" आजवर सगळ्यांना स्ट्रायकर व्हायचं असायचं.

सीझन संपला की मी मुंबईत स्थानिक लीग खेळते. अण्णा इतक्या वर्षांत कधी सामन्याला आले नव्हते. त्यांची कामाची वेळ आणि आमची वेळ कधी जुळलीच नाही. मागच्या महिन्यात रविवार होता, मार्केट बंद, आणि सामना दक्षिण मुंबईतल्या कूपरेज मैदानावर. सकाळी ते स्वतःहून पांढरा सदरा घालून तयार होऊन बसले. आम्ही लोकलने सीएसएमटीला उतरून चालत गेलो. ते स्टँडमध्ये बसले नाहीत, पूर्ण वेळ जाळीला धरून उभे राहिले. सामना १-१ सुटला. दुसरा हाफ माझा बरा गेला. पहिल्या हाफमध्ये त्यांच्या चौदा नंबरने मला तीनदा गाठलं होतं आणि ती कुठून उगवते ते मला लवकर लागत नव्हतं.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. वडाळा गेलं तरी अण्णा काही बोलले नाहीत. मी पायाचा बर्फ बदलत होते. मग ते म्हणाले, "ती चौदा नंबरवाली हाय न्हवं, ती दरवेळी तुज्या डाव्या अंगानंच येत हुती. आपली उंच पोरगी बॉल घ्यायला पुढं सरकली की हिचं पाऊल पडायचं."

मी हातातली पिशवी तशीच धरून त्यांच्याकडे बघत राहिले. मला ते मध्यंतरात कळलं होतं, तेही मॅडमनी सांगितल्यावर.

"अण्णा, तुम्हाला कधी दिसलं?"

"सुरवातीलाच की," ते म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले.